शिकारखान्यापासून कात्रजपर्यंत : कारेगावची लेकरे आणि प्राणिसंग्रहालयाची सहल

घरातल्या लहान मुलांना घेऊन एक अख्खा दिवस प्राणिसंग्रहालयात घालवायचा, ही चाल मुंबईत सव्वाशे-दीडशे वर्षांची आणि पुण्यात जेमतेम सत्तर वर्षांची आहे. तिच्यासाठी जनावरे ठेवलेली सार्वजनिक बाग लागते, तिथवर नेणारे परवडणारे वाहन लागते आणि खाडा न पडता मिळणारी सुट्टी लागते. या गोष्टी एकदम जमून आल्या नाहीत. शिरूर तालुक्यातील कारेगावसारख्या गावात तर त्या एकेक करून, बऱ्याच अंतराने पोहोचल्या. पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) रस्त्यावर, रांजणगाव गणपतीच्या शेजारी असलेले हे गाव पुण्याच्या आजच्या प्राणिसंग्रहालयापासून साठेक किलोमीटरवर आहे. गावातून मुलाला वाघ दाखवायला न्यायचे तर हे अंतर कसे कापायचे, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या होता. या सहलीचा इतिहास बराचसा त्या अंतराचा इतिहास आहे.

सहल सुरू होण्याआधी जनावरेच गावात येत. सुगी उरकली, खळी रिकामी झाली की नंदीबैलवाला यायचा. झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा आणि गुबुगुबु वाजणारा ढोल. पाऊस पडेल का, पोराला नोकरी लागेल का असे विचारले की बैल मान डोलवायचा. माकडवाला यायचा, गारुडी यायचा, आणि मुलांच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा पाहुणा म्हणजे दरवेशी, अस्वल घेऊन येणारा. दचकणाऱ्या, रात्री झोपेत रडणाऱ्या मुलाला आई अस्वलाच्या पाठीवर क्षणभर बसवायची आणि अस्वलाचा केस ताइतात घालून त्याच्या गळ्यात बांधायची. त्याने भीती जाते असा समज होता. अस्वलाचे नाक टोचून त्यातून दोरी ओवलेली असे आणि बहुधा त्याचे सुळेही काढलेले असत. मुलाची भीती घालवणारे ते जनावर स्वतः जन्मभर वेदनेत असे, हे त्या काळी फार थोड्यांच्या ध्यानात येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दरवेशांचा हा व्यवसाय बेकायदा ठरला आणि पुढच्या दशकांत हळूहळू बंद पडला.

गावाच्या शिवाराबाहेर पडले की रानही फार लांब नव्हते. शिरूर, दौंड आणि पलीकडचे श्रीगोंदा हा सारा पावसाच्या छायेतला माळरानी मुलूख. ज्वारी-बाजरीची शेते आणि मधूनमधून उघडे माळ. त्यावर काळवीट, चिंकारा, खोकड, ससे आणि मेंढरांच्या वाड्यांमागून फिरणारे लांडगे. धनगराच्या पोराला लांडगा ओळखायला शिकवावे लागत नसे. त्याने कधी पाहिला नसेल तो सिंह, गेंडा आणि हत्ती. हे दूरदेशीचे प्राणी बघायला मिळणे हा फार काळ सत्तेचा मान होता.

पुण्यात हा मान पेशव्यांच्या शिकारखान्याकडे होता. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांच्या काळात जनावरे पाळलेली होती. १७९० च्या नोव्हेंबरात गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने तिथला गेंडा जलरंगात रंगवला. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करत असे. ते चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. गेंडा समोर बघून काढलेला आहे, हे चित्र पाहताच कळते. त्याच्या कातडीच्या घड्या आणि जाड पाय पाहणाऱ्याच्या नजरेने टिपलेले आहेत. काळविटांना वाद्यांच्या साथीने झोपाळ्याजवळ येण्याची सवय लावल्याचेही मॅलेटने लिहून ठेवले आहे.

या शिकारखान्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा. गंगारामने गेंड्याचे चित्र काढले तेव्हा पेशवे सोळा वर्षांचे होते आणि ती जनावरे बघण्याची आवड त्यांना त्याआधीपासून होती. म्हणजे पुण्यात केवळ पाहण्याच्या हौसेपायी जनावरे जमवली गेली ती एका पोरवयातील धन्यासाठी. जन्मापूर्वीच बाप गेलेल्या आणि कारभाऱ्यांच्या धाकात वाढलेल्या त्या मुलाची हौस दरबाराने अशी पुरवली. गावोगावच्या इतर मुलांना त्यात वाटा नव्हता. युरोपातही तेव्हा फारसे निराळे नव्हते. व्हिएन्नातील शोनब्रुनचे प्राणिसंग्रहालय १७५२ मध्ये राजघराण्यासाठी उभे राहिले. लंडनचे १८२८ मध्ये उघडले, पण सर्वसामान्यांना पैसे भरून आत जाता येऊ लागले ते १८४७ पासून.

मराठी मुलखात सामान्य माणसाच्या लेकरांसाठी पहिले दार उघडले ते मुंबईत. भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. मूळ बाग एका शेती व बागकाम मंडळाची होती. मंडळ बुडाल्यावर १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. शेजारचे संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडले होते. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला आणि पुढे तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. बागेत जिवंत जनावरांचा विभाग १८९० मध्ये सुरू झाला.

१८९० हे साल आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी १० जून रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या होत्या, अर्ज केले होते. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले आणि त्यांचे घराणे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. बागेत जनावरे आली आणि कामगाराला ती बघायला सवड मिळाली, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. यामागे कुणाची योजना नव्हती, पण गिरणगावच्या चाळींपासून भायखळा पायी जाण्याच्या अंतरावर होते, आणि रविवारी मुलांना राणीच्या बागेत नेणे ही कामगार कुटुंबांची रीत होऊन गेली. गिरणगावात घाटावरची कितीतरी माणसे होती. ती सणासुदीला, यात्रेला गावी परतत तेव्हा सोबतच्या मुलांच्या तोंडी राणीच्या बागेतली हत्तीण आणि सुसर असे. घाटावरच्या अनेक गावांत प्राणिसंग्रहालय पोहोचले ते आधी अशा गोष्टींतून.

गावच्या मुलाला प्रत्यक्ष सिंह पहिल्यांदा दिसला तो बहुधा सर्कशीत. विष्णुपंत छत्रे हे सांगली भागातील अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या संस्थानात ते घोडे शिकवण्याचे काम करत. मुंबईत आलेल्या कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ पाहून त्यांनी स्वतःची सर्कस काढली. २० मार्च १८८० रोजी मुंबईत तिचा पहिला खेळ झाला आणि भारतीय सर्कशीचा आरंभ याच दिवसापासून धरतात. पुढे मराठी माणसांच्या अनेक सर्कशी निघाल्या. तालुक्याच्या गावी, मोठ्या यात्रेच्या ठिकाणी तंबू पडू लागले आणि बैलगाड्या जुंपून आसपासच्या खेड्यांतली कुटुंबे खेळाला जाऊ लागली. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीच मामाच्या सर्कशीत शिरले आणि पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून जगभर नावाजले गेले. सर्कशीतला वाघ मात्र कामाला जुंपलेला वाघ होता. आगीच्या कड्यातून उडी मारणाऱ्या जनावराकडून मुलाला त्या जनावराबद्दल फार थोडे कळते. १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ करण्यावर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि तंबूतला हा अध्याय संपला. ते योग्यच झाले.

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली. नव्या पालिकेने पहिल्या काही वर्षांतच जी कामे हाती घेतली त्यांत मुलांसाठी जनावरांची बाग होती. १९५३ मध्ये पर्वतीजवळ, सारसबागेला लागून, सुमारे सात एकरांत पेशवे पार्क सुरू झाले. जिथे एकेकाळी शिकारखाना होता त्या पर्वतीच्या पायथ्याच्या परिसरातच ते उभे राहिले. पेशव्यांच्या काळी इथे मोठे तळे होते. तळ्यातल्या गणपतीचे देऊळ आज सारसबागेत आहे, ते त्याच तळ्याच्या मधोमध होते.

पेशवे पार्काचे मोठेपण आकारात नव्हते. सात एकरांत वाघ, सिंह, अस्वल, हरणे, माकडे, मगरी आणि पक्षी दाटीवाटीने ठेवलेले होते. पण लहान मुलाच्या पायांना झेपेल एवढेच ते होते, आणि हा गुण आजच्या प्रशस्त प्राणिसंग्रहालयांत हरवला आहे. तीन-चार वर्षांचे मूल एका पिंजऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाई, कंटाळण्याआधीच पुढचे जनावर समोर येई. ८ एप्रिल १९५६ रोजी तिथे फुलराणी धावू लागली. छोटे इंजिन, छोटे उघडे डबे, बागेला वळसा घालणारा रूळ आणि सुटताना दिलेली शिट्टी. पुण्यात वाढलेल्या तीन पिढ्यांना आगगाडी म्हटल्यावर आधी ही गाडी आठवते. सुमित्रा नावाची हत्तीण मुलांना पाठीवर घेऊन फिरायची. मुलांची रांग लागलेली असे आणि वर बसल्यावर रडू लागणारी मुलेही पुष्कळ असत. पेशवे पार्कात जाऊन आलेल्या मुलाला काय पाहिलेस असे विचारले तर तो बहुतेक वेळा वाघाच्या आधी फुलराणी सांगे. चालवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच प्राणिसंग्रहालय कात्रजला गेले तरी फुलराणी जागची हलवली नाही.

आता बाग होती. उरला प्रश्न कारेगावहून तिथे पोहोचण्याचा. तो सुटायला पेशवे पार्काच्या पाच वर्षे आधी सुरुवात झाली होती. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला निघाली. राज्यातल्या सगळ्या एसटी मार्गांत हा पहिला, आणि तो शिरूरवरून, कारेगाव आणि रांजणगावच्या शिवारातून जाणारा. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या अनेक गावांना एसटीसाठी आणखी कित्येक वर्षे थांबावे लागले. कारेगावला मात्र ती जवळजवळ पहिल्याच दिवशी दिसली. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, हा नियम कुटुंबाच्या सहलीला फार मोठा आधार ठरला. शाळांच्या सहलींना महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देत आले आहे. खेड्यातल्या पुष्कळ मुलांनी पेशवे पार्क पाहिले ते आईवडिलांबरोबर नव्हे, गुरुजींबरोबर.

त्या दिवसाचा क्रम साधारण ठरलेला असे. पहाटे उठून आई दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी बांधायची. धोतराच्या जुन्या फडक्यात गाठोडे, पितळेच्या तांब्यात किंवा पुढच्या काळात प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी. पहिली एसटी गाठायची. लोणीकंद, वाघोली, येरवडा असे करत पुण्यात उतरायचे आणि तिथून शहरातल्या बसने किंवा टांग्याने सारसबाग. आधी तळ्यातल्या गणपतीचे दर्शन, मग पार्क. दुपारी झाडाखाली जेवण. उन्हात जनावरे झोपलेली आणि मुलेही पेंगुळलेली. मग फुलराणी, परतताना बाहेर भेळ, आणि संध्याकाळची गाडी. मूल परतीच्या प्रवासात मांडीवर झोपून जायचे. शेतकरी कुटुंबाला हे वर्षातून एखाद्या वेळी, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मामाकडे आली असताना जमायचे. पोरांना घेऊन चैन करायला जायचे असे कुणी म्हणत नसे. बाजार, दवाखाना, कोर्टाचे काम किंवा नातेवाइकाकडे जाणे असे काहीतरी काम काढलेले असे आणि त्याला जोडून पार्क व्हायचे.

दाटीवाटीच्या पिंजऱ्यांची दुसरी बाजूही होती. सिमेंटची फरशी, गज, आणि गजांमागे एकाच रेषेत दिवसभर येरझाऱ्या घालणारा वाघ. कोंडलेल्या जनावराची ती अस्वस्थता असते, हे आज प्राणिशास्त्राचा अभ्यास करणारे सांगतात. तेव्हा पाहणाऱ्यांना तो रुबाब वाटे. माकडांना शेंगदाणे टाकणे, मगर हलते का पाहायला खडा मारणे हे सर्रास चाले, आणि मोठी माणसेच मुलांना ते शिकवत. हॅम्बुर्गजवळच्या श्टेलिंगेन येथे कार्ल हागेनबेक याने १९०७ मध्येच गज काढून त्या जागी खंदक आणले होते, जनावराला मोकळी जागा दिली होती. तो विचार भारतात नियमांच्या रूपाने यायला फार काळ गेला. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. जनावरामागे किती जागा हवी, पशुवैद्य हवा का, खाऊ घालण्यास मनाई, आठवड्यातून किमान एक दिवस दार बंद, अशा गोष्टी पहिल्यांदाच कागदावर बंधनकारक झाल्या. शहराच्या मध्यावरचे सात एकर या कसोट्यांना उतरणे शक्य नव्हते.

पर्यायी जागा कात्रजला होती, आणि तिथे सापांपासून सुरुवात झालेली होती. नीलिमकुमार खैरे हे नाव पुण्यात १९८० मध्ये गाजले. काचेच्या खोलीत ७२ सापांसोबत ते ७२ तास राहिले होते. साप माणसाच्या मागे लागत नाही, त्याला डिवचले नाही तर तो चावत नाही, हे लोकांना दाखवून देणे हा त्यामागचा हेतू होता. १९८६ मध्ये महानगरपालिकेच्या साह्याने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. खेड्यातल्या मुलासाठी ही भेट पांढऱ्या वाघाच्या भेटीपेक्षा अधिक उपयोगाची आहे असे म्हणायला हरकत नाही. घोणस, मण्यार, नाग आणि फुरसे हे चार विषारी साप शिरूरच्या बांधावर, कडब्याच्या गंजीत, सरपणाच्या ढिगात भेटतात. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला फरक काचेमागे शांतपणे पाहून घेतला तर घरी त्याचा उपयोग होतो. सर्पमित्र हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला तो याच काळात.

१९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातली जनावरे तिकडे हलवली गेली. सुमारे १३० एकरांचा हा परिसर, त्यातले ४२ एकर कात्रजचे तळे. हे तळेही पेशवेकालीन. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथून पुण्याला भुयारी नळाने पाणी नेले, ते शहरातल्या हौदांना आणि शनिवारवाड्याला पुरत असे. नव्या जागी वाघाच्या आवारात झाडी आणि पाणवठा आहे, गज फारसे नाहीत. त्याची किंमतही आहे. जनावर दिसेलच याची खात्री उरली नाही आणि चालणे खूप वाढले. चार वर्षांच्या मुलाला अर्ध्या वाटेत कडेवर घ्यावे लागते. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या त्यासाठीच ठेवल्या आहेत. हत्तीची सवारी आता नाही. २००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती मोकळ्या जागी हलवण्याचे धोरणच जाहीर केले. मुलांना सवारीची आठवण सांगणाऱ्या आजोबांना याचे वाईट वाटते, पण सात एकरांत साखळीने बांधलेल्या हत्तिणीच्या बाजूने पाहिले तर हा बदल उशिराच झाला.

इकडे कारेगाव पार बदलून गेले. १९९० च्या दशकात रांजणगाव औद्योगिक वसाहत आली. फियाट, व्हर्लपूल, एलजी यांसारख्या कंपन्यांचे कारखाने कारेगाव, रांजणगाव, ढोकसांगवी या गावांच्या जमिनींवर उभे राहिले. विदर्भ, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार इथून कामगार आले, खोल्या बांधल्या गेल्या, भाड्याने गेल्या. शेतकऱ्याच्या वर्षात सुट्टी नसते, पाऊस आणि पीक ठरवतील ती सवड असते. कारखान्यातल्या माणसाला आठवड्याची ठरलेली सुट्टी असते. गिरणगावात १८९० नंतर जे घडले तेच शंभर वर्षांनी कारेगावात घडले. पगार आणि सुट्टी हातात आली आणि मुलांना घेऊन बाहेर पडणे हे कामाला जोडून येणारे काम राहिले नाही. दोन मुलांना मध्ये बसवून दुचाकीवरून किंवा चार घरांनी मिळून जीप ठरवून कात्रज, सारसबाग, कधी रांजणगावचा महागणपती अशी सहल निघते. फक्त पाळी बदलल्यामुळे सुट्टी बुधवारी आली तर कात्रजचे दार बंद मिळते. आठवड्याची बंदी तिथे बुधवारी असते, राणीच्या बागेतही बुधवारीच.

याच काळात उलट्या दिशेने एक रस्ता सुरू झाला. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली कारेगावपासून जवळ आहे. चिंचेची जुनी झाडे, त्यांवर बसणारे मोर आणि मोराला न मारण्याची गावाची पूर्वापार रीत. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे कृषी पर्यटन वाढले आणि पुण्यातली कुटुंबे मुलांना मोर दाखवायला, बैलगाडीत बसवायला, हिवाळ्यात हुरडा खायला येऊ लागली. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. शहरातल्या मुलाला कोंबडी, शेळी आणि म्हैस ही प्रेक्षणीय झाली, हे गावाला आधी विचित्र वाटले, पण त्यातून घरच्या बायकांना जेवणाचे आणि पापड-लोणच्याचे उत्पन्न मिळू लागले. जवळच बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये जाहीर झालेले, पाच चौरस किलोमीटरहून थोडे मोठे. तिथे सकाळी लवकर पोहोचले तर चिंकारे हमखास दिसतात. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी त्याहून लहान आणि १९८० पासूनचे, काळविटांसाठी राखलेले. दौंडच्या पुढे भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात आणि मुलांना होडीतून ते दाखवता येतात. माळावर धावणारे काळवीट पाहिलेल्या मुलाला पिंजऱ्यातले काळवीट वेगळे दिसते. दोन्ही दाखवता आले तर आधी माळ दाखवावा, असे या विषयाचा विचार करणारा कोणीही सांगेल.

बिबट्याची गोष्ट मात्र निराळी आहे. कुकडी, घोड आणि चासकमान यांचे पाणी आल्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत ऊस वाढला. उसाचे फड दाट, दहा-बारा महिने न तुटणारे आणि पाण्याजवळ. बिबट्यांनी त्यात घर केले. अनेक बिबटे उसातच जन्मतात आणि जंगल म्हणून उसालाच ओळखतात. कुत्री, शेळ्या, वासरे हे त्यांचे भक्ष्य, आणि कधीकधी वाकून काम करणारी बाई किंवा अंगणात खेळणारे मूल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात लहान मुलांचे बळी गेले तेव्हा संतापलेल्या गावकऱ्यांनी पुणे–नाशिक महामार्ग रोखून धरला. अशा गावातल्या आईला कात्रजच्या बिबट्यासमोर उभे राहून मुलाला ‘बघ, किती छान’ म्हणता येत नाही. तिच्या मुलासाठी तो बघायचा प्राणी नाही, ओळखायचा आणि ज्याच्यापासून सांभाळून राहायचा असा प्राणी आहे. प्राणिसंग्रहालयांनी आपल्या फलकांवर ही दुसरी ओळखही लिहायला हवी. अंधारात एकट्याने बाहेर पडू नये, उसाच्या कडेला वाकून बसू नये, बिबट्या दिसल्यास पळू नये, एवढे जरी तिथे चित्रांतून सांगितले तरी शिरूरकडून येणाऱ्या मुलाला ते उपयोगी पडेल.

ऊसतोडीच्या हंगामात मजुरांना फडात बिबट्याचे बछडे सापडतात. अशा वेळी तोड थांबवून वनखात्याला कळवायचे असते. पशुवैद्य बछड्यांना तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. बहुतेक वेळा रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. ती आली नाही, किंवा मोठा बिबट्या जखमी सापडला, तर त्याला जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेतात. कात्रजच्या आवारातही वन्यप्राण्यांचे अनाथालय आहे. तिथली पुष्कळ जनावरे जिल्ह्याच्या शेतांतून, विहिरींतून, रस्त्यांवरून उचलून आणलेली असतात. पेशव्यांच्या शिकारखान्यात जनावर आले ते भेट म्हणून किंवा विकत. पेशवे पार्कात ते आले ते दाखवण्यासाठी. आता त्यातले कितीतरी येतात ते जायला दुसरी जागा उरली नाही म्हणून.

लहान मुलांना घेऊन कारेगावहून कात्रजला जायचे तर आजही सकाळची वेळ सगळ्यांत चांगली. नऊ-दहाच्या सुमारास जनावरे हालचाल करतात, दुपारी ती सावलीत झोपतात. हिवाळा आणि पावसाळ्याची उघडीप उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा बरी, पण मुलांची सुट्टी उन्हाळ्यातच असल्याने गर्दी तेव्हाच होते. टोपी, पाणी आणि कपड्यांचा एक जादा जोड सोबत लागतो. सगळे संग्रहालय एका दिवसात पुरे करण्याचा हट्ट न धरता सर्पोद्यान, वाघ, अस्वल आणि तळ्याकाठची पाखरे एवढे निवांत पाहिले तरी पाच वर्षांच्या मुलाला पुरते. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो शिवाजीनगरहून स्वारगेटला भुयारातून जाते, त्यामुळे एसटीने पुण्यात उतरल्यावर स्वारगेटपर्यंतचा रहदारीतला वेळ वाचतो आणि पुढे कात्रजला बस असते. पुष्कळ मुलांना मेट्रोच्या सरकत्या जिन्याचे अप्रूप वाघाइतकेच वाटते. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. त्यामुळे आजोबा, आईवडील, शाळेत जाणारे एक मूल आणि पाच वर्षांखालचे एक, असे पाच जणांचे कुटुंब शिरूरहून पुण्यापर्यंत दोन पूर्ण तिकिटांच्या पैशांत जाते.